दार्काचा पुठ्ठा

बाहेर उणे अडतीस असताना दुकानातली थंड खोली गरम झाली, तर लोक हसणारच. ओरेस्त मात्र हसत नव्हता. आमच्या गावच्या सहकारी दुकानाचा तो मॅनेजर. दुसऱ्या दिवशी सात जानेवारी, म्हणजे जुन्या पंचांगाप्रमाणे आमचा नाताळ, आणि गावभराचं सावर क्रीम नि पनीर त्या खोलीत. बाहेर ठेवलं तर गोठून फाटणार, आत ठेवलं तर नासणार.

"वासिल, तू स्वतः का नाही बघत?" त्याने मला बाजूला घेऊन विचारलं.

"गुडघ्यांना विचार. शिडी चढवत नाही आता. आणि दार्काकडे लायसन आहे."

"आहे रे. पण दुपारपर्यंत जमलं नाही, तर मी शहरातल्या लोकांना बोलावणार. एकदा ते आले की दुकानाचं काम कायमचं त्यांचं. मग माझ्यावर रुसू नकोस."

दार्का माझी मुलगी. शरदात मी धंदा तिच्या हाती दिला होता, पण गावाने काही तो दिला नव्हता. मशीन बिघडलं की लोक अजून मलाच शोधत. मला गंमत वाटायची आणि रागही यायचा.

मागच्या खोलीत कंप्रेसर घुरघुरत होता. दार्काने गेज लावले. दाब अगदी खाली गेलेला, आणि नळीवरच्या काचेत बुडबुडेच बुडबुडे. माझ्याने राहवलं नाही.

"गॅस कमी पडलाय. भर," मी म्हणालो. ओरेस्तच्या देखत.

आमच्याकडे थंडीत सगळे हेच करतात. बुडबुडे दिसले की सिलिंडर जोडायचा, आणि उन्हाळ्यात मशीन धापा टाकायला लागलं की तोच गॅस परत काढायचा.

दार्काने हातमोजा काढला आणि व्हॉल्व्हला येणारी एक नळी चाचपली. "तातो," तिने बापाला हाक मारली, "इथे हात लाव."

गार होती. मला पुढे काही सांगायची तिला गरज नव्हती, पण ओरेस्त तोंड उघडं टाकून उभा होता, म्हणून तिने त्याला समजावलं.

"गॅस छतावरच्या जाळीत गार होतो आणि त्याचा द्रव होतो. हवा एवढी गार असली की जाळी जरा जास्तच चांगलं काम करते. दाब पडतो, मग द्रवाला खोलीपर्यंत ढकलणार कोण? म्हणून हा व्हॉल्व्ह. दाब पडला की याने वरची वाट आवळायची, द्रव जाळीतच तुंबवायचा, आणि कंप्रेसरचा गरम गॅस या आडवाटेने थेट द्रवाच्या टाकीत सोडायचा. म्हणजे दाब टिकतो. गॅस कमी असता, तर आडवाट सताड उघडी असती आणि ही नळी तापली असती. ही गार आहे. व्हॉल्व्ह मेलाय, ओरेस्तकाका."

"मग नवा बसव."

"तो मागवावा लागेल. सणानंतर येईल. शहरवाल्यांनाही तेवढाच वेळ लागेल, हवं तर फोन करून बघा."

ती बाहेर गेली आणि आमच्या ट्रकच्या रेडिएटरसमोरचा पुठ्ठा काढून आली. इथे थंडीत प्रत्येक ट्रकला तो असतो, नाहीतर इंजिन तापतच नाही.

"माझं छत म्हणजे काय ट्रक वाटला तुला?" ओरेस्त म्हणाला.

"वर रेडिएटरच आहे, काका. त्यालाही थंडी वाजते."

ती छतावर गेली. मी खाली गेजसमोर, फोन कानाला. ती जाळी थोडी थोडी झाकत होती आणि मी काटा वाचून सांगत होतो. काटा उठला. बुडबुडे विरळ झाले, मग काच अगदी स्वच्छ झाली.

"बस, आता थांब," मी म्हणालो.

"थांबलेच होते," वरून उत्तर आलं. पोरगी आईवर गेलीय.

दुपार व्हायच्या आत खोली गारठली. दार्का खाली आली तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फ होता. सण होईपर्यंत आपण सकाळ-संध्याकाळ येऊन पुठ्ठा कमी-जास्त करू, असं तिने सांगितलं. गल्ल्यासमोर सावर क्रीमसाठी रांग लागली होती. त्या रांगेदेखत ओरेस्तने माझ्या पाठीवर थाप मारली.

"शेवटी बापाचंच डोकं. तू शिकवलंस म्हणून जमलं."

दार्का मान खाली घालून गेजच्या नळ्या गुंडाळत राहिली. मी गप्प बसलो असतो, तरी कोणाला काही कळलं नसतं.

"बापाचं डोकं गॅस भर म्हणत होतं," मी शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं म्हणालो. "तू होतास ना तिथे? तिने माझं ऐकलं असतं, तर तुझी खोली आज गार झाली असती, पण उन्हाळ्यात मशीन बसलं असतं. हे डोकं तिचं आहे, ओरेस्त."

रांगेतल्या माना दार्काकडे वळल्या. जन्मभर या गावात माझा शब्द कोणी खोडला नव्हता. तो आज माझ्याच पोरीने खोडला, आणि माझी छाती कोटात मावेना.

ओरेस्तने टोपी मागे सरकवली आणि मला ओलांडून तिच्याकडे वळला. "दार्का, आईस्क्रीमचा फ्रीजरही कुरकुरतोय. कधी येशील?"