वच्छलाचे लाल हात

"लाल झाले! वच्छलाचे हात लाल झाले!"

बोरगावात पुंडलिकरावांच्या अंगणात मी पाय ठेवला आणि ही आरोळी कानावर आली. निम्मं गाव तिथे लोटलं होतं. मधोमध पितळी परात, परातीत नितळ पाणी, आणि त्यातून नुकतेच बाहेर काढलेले घरच्या सुनेचे दोन्ही तळवे लालभडक. बोटांवरून लाल थेंब गळत होते. हे हात आपलेच आहेत यावर बिचारीचा विश्वास बसत नव्हता.

परातीमागे मृगाजिनावर भैरवगीर महाराज बसले होते. कपाळभर शेंदूर, गळ्यात माळा इतक्या की मान वळवायची सोय नाही.

"देखो, देखो! मी काई बोललो का? पाणी बोललं! अरे, नागपूर तिकडं गेलं, भोपाळ तुमाले दिसत नाई, दवाखान्यात पट्टी भेटत नाई. मग तुमचं कोण? हा बाबा! डाक्टर नुसती सुई टोचते, माहं पाणी पाप टोचून काहाडते!"

पट्टीचं मात्र खरं बोलला लेकाचा. नवा मध्यप्रदेश होऊन, राजधानी नागपूरहून भोपाळला जाऊन वर्षही झालं नव्हतं. नागपूरहून येणारं औषध थांबलं होतं आणि भोपाळचं अजून वाटेतच होतं.

मी प्रेमलता, सौसरच्या सरकारी दवाखान्यातली नर्स. गावोगाव फिरून घरी पडून असलेले आजारी पाहायचे आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवायची, हे माझं काम. या घरातल्या अंबाबाईंना, वच्छलाच्या सासूला, पोळ्यानंतर लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकाच कुशीवर पडून पडून कमरेखाली जखम झाली. त्यांना पुसणं, भरवणं, कूस बदलणं, रात्री उठणं हे सारं वच्छला एकटी करत होती, तेही कडेवर आठ महिन्यांचा मुलगा घेऊन. मागच्या फेरीत मी तिला विचारलं होतं, झोपतेस कधी? ती नुसती हसली होती.

आज तो मुलगा तिच्या कडेवर नव्हता. तिच्या नणंदेनं, कलाबाईनं, त्याला छातीशी घट्ट धरलं होतं. दाराशी बैलगाडी जुंपून उभी होती.

"नर्सबाई, तुमी मधात पडू नका," कलाबाई मला बघताच म्हणाल्या. "माह्या मायवर करणी झाली, करणीनं तिचं मांस खाल्लं, अन् ती हिनंच केली. हिले आताच्या आता पांढुर्ण्याले माहेरी धाडून राहिलो. लेकरू इथंच राहीन. असल्या बाईच्या हाती लेकरू देते का कोणी?"

"मी काई नाई केलं हो," वच्छला एवढंच म्हणाली. मूल तिच्याकडे झेपावून रडत होतं. तिनं हात पुढे केले तशी बायका मागे सरकल्या. कुणी तिला हात लावायला तयार नव्हतं. मी पुंडलिकरावांकडे पाहिलं. तो तिचा नवरा. खाली मान घालून बैलाच्या कासऱ्याशी चाळा करत उभा होता. मला असा संताप आला म्हणता, पण संतापून गाडी थांबणार नव्हती. गावाच्या डोळ्यांदेखत हात लाल झाले होते, आणि डोळ्यांनी पाहिलेल्यापुढे नर्सबाईची बडबड कोण ऐकणार?

"आधी सांगा, झालं काय?" मी विचारलं.

शेजारचे म्हातारे रघुनाथराव मध्ये आले. त्यांनी सांगितलं ते असं. महाराजांनी आठवड्यापूर्वी अंगारा दिला. पाण्यात कालवून अंबाबाईंच्या लुळ्या अंगाला सकाळ-संध्याकाळ चोळायचा. आज घरातल्या सगळ्यांनी साध्या पाण्यानं हात धुतले आणि एकेकानं परातीतल्या तीर्थात बुडवले. पुंडलिकरावांचे हात होते तसेच राहिले. कलाबाईंचेही. वच्छलाचे लाल झाले.

"अंगारा कसला? राखेचा?"

"नाई बाई, पिवळा. तेज असते म्हणे त्याच्यात. महाराजसुदिक त्याले हात लावत नाई, पानानं वाढते."

मी वच्छलाचे हात हातात घेतले. गर्दीत कुजबुज झाली. लाल रंग तळहाताच्या रेषांत आणि नखांच्या कडांना दाट साचला होता. मनगटाच्या वर, जिथे पाणी पोचलं नव्हतं, तिथे कातडी पिवळी होती. काय असावं ते माझ्या ध्यानात आलं. अंदाज बरोबर होता, पण चुकला असता तर त्या पोरीचं लेकरू गेलं असतं आणि माझा पायही पुन्हा या गावात पडला नसता.

मी वाकून परात उचलली.

"ए बाई! ठेव खाली!" महाराज गरजले. "हात झडतीन तुहे!"

"झडले तर दवाखान्यात दाखवीन," मी म्हटलं आणि परात घेऊन ओसरीवर चढले.

अंबाबाई खाटेवर पडून सगळं ऐकत होत्या. बोलता येत नव्हतं, पण डोळे भरून वाहत होते. त्यांचा डावा हात चांगला होता. दिवसभर तो हात त्या आपल्याच लुळ्या हातावर फिरवत बसत. मी म्हटलं, "आई, हात देता?" त्यांनी लगेच दिला. मी तो सर्वांसमोर पाण्यात बुडवून वर धरला.

तोही लाल झाला होता.

मागची माणसं टाचा उंचावून पुढे सरकली.

"बोला कलाबाई," मी म्हटलं, "तुमच्या मायनंच स्वतःवर करणी केली का?"

"करणी फिरली!" महाराज ओरडले. "सुनेच्या हातातून सासूच्या हातात शिरली! अस्संच होते!"

"होतं ना? मग तुमच्या हातात काही शिरायचं नाही. तुम्ही तर सिद्ध पुरुष. उघडा तळवा." मी खाटेखालची अंगाऱ्याची पुडी घेतली आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. "चिमूटभर अंगारा चोळा आणि घाला पाण्यात."

महाराजांनी हात छाटीत लपवला. आठवडाभर पानानं अंगारा वाढणाऱ्या माणसाला आपल्याच अंगाऱ्याचं एवढं भय! हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

"दाखवा ना महाराज," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"माहं व्रत हाय. आज नाई."

मी रघुनाथरावांकडे वळले. "तुमची चुन्याची डबी द्या." तंबाखू मळणाऱ्या माणसाजवळ चुना नसेल असं होत नाही. शेजारची मनकर्णा धावत जाऊन आपल्या घरच्या डब्यातली हळद घेऊन आली. रघुनाथरावांच्याच तळहातावर मी हळद ठेवली, बोटभर चुना घातला आणि वर थोडं पाणी टाकून म्हटलं, "मळा आता."

म्हाताऱ्यानं अंगठा दोनदा फिरवला. तळहात लालेलाल.

"अवं माय!" मनकर्णा कपाळाला हात लावून म्हणाली. "हळद-चुन्याचं कुंकू नाई का होत! आपण रोज कपाळाले लावतो, अन् आपल्याले समजलं नाई?"

"हेच ते," मी म्हटलं. "अंगारा म्हणजे हळद. तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी. चुना खाली बसला की वरचं पाणी नितळ दिसतं. हळद नुसत्या पाण्यानं धुतली तरी रेषांत राहते. तिला चुना लागला की रंग येतो. यात कुठला देव नाही आणि कुठली करणी नाही."

महाराज मृगाजिन गुंडाळू लागले. दोघा-तिघांनी वाट अडवली. मारू नका, पोलिसपाटलाकडे न्या, असं मी ओरडून सांगितलं, तरी पाठीत दोन गुद्दे बसलेच असावेत.

मला वाटलं होतं, आता सगळे सुटकेचा श्वास टाकतील. पण कलाबाई माझ्यावरच धावून आल्या. डोळे लाल, आवाज चिरलेला.

"पाडला ना खोटा त्याले? मग आता माह्या मायले बरं कोण करन? तुमी करता? बोलाले लावता तिले?"

खोटं बोलून वेळ मारून नेणारा तर आत्ताच गेला होता.

"वाचा परत येईल की नाही, मला सांगता येत नाही," मी म्हटलं. "जखम मात्र भरेल. दर दोन तासांनी कूस बदलली, उकळून थंड केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, अंथरूण कोरडं ठेवलं तर भरेल. पण हे एका बाईचं काम नाही. तुम्ही म्हणता करणीनं मांस खाल्लं. तसं नाही. रात्री ही दमून झोपते तेव्हा तुमची आई एकाच कुशीवर पडून राहते, तिथे जखम होते."

मग मला राहवलं नाही.

"आणि कलाबाई, महाराजांचं पाणी एक गोष्ट मात्र खरी बोललं. आठवडाभर अंबाबाईंना ज्यांनी हात लावला, त्यांचेच हात लाल झाले. तुम्हा बहीण-भावाचे कोरे का राहिले, ते तुम्हीच बघा."

पुंडलिकरावांनी खरंच आपले तळवे पाहिले. मग कासरा सोडला, बैल मोकळे केले आणि ओसरीवर येऊन आईच्या पायाशी बसले. कलाबाई हमसून रडू लागल्या. आईची जखम बघवत नाही म्हणून त्या खाटेजवळ जातच नव्हत्या, हे त्यांनी मला त्याच वेळी सांगितलं. मला त्यांची कीव आली. माया होती, पण हात पुढे होत नव्हता. तेवढ्या फटीतूनच असले महाराज घरात शिरतात.

वाचकहो, चमत्कार दिसला की आधी विचारा, यात काय मिसळलं आहे? आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर अंगारे शोधत हिंडण्याआधी त्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाकडे बघा. ते जेवलं का, झोपलं का, हे विचारा. हे विचारायला डॉक्टर लागत नाही.

कलाबाईंनी मुलाला वच्छलाच्या ओटीत दिलं. वच्छलानं त्याला पदराखाली घेतलं आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. तिला उठवायला मनकर्णा पुढे झाली, तसं कलाबाईंनी तिला हातानं थांबवलं. मग बाह्या वर सारून त्या खाटेशी आल्या.

"नर्सबाई," त्या म्हणाल्या, "मायले कुशीवर कसं घेवाचं, मले दाखवा."