एकशे आठ सेंटिमीटर

"वर घे. अजून थोडा. हां, आला बघ समुद्र!" नेवेंकाच्या खांद्यावरून स्क्रीनवर बोट नाचवत तोंची म्हणाला.

नेवेंकाने माउस ढकलला आणि चित्रातला कॅमेरा वर सरकला. एक मीटर सत्तर, उभ्या उंच माणसाच्या डोळ्यांइतका. धक्क्यावरची लाटा अडवायची नियोजित काँक्रीटची भिंत खाली गेली आणि पलीकडे अख्खा एड्रियाटिक समुद्र पसरला, नको इतका निळा. उद्या दहा वाजता पालिकेच्या सभेत हेच चित्र मोठं करून लागणार होतं. सभेने मान डोलावली की सोमवारपासून भिंत उभी राहणार.

"आता लेन्स रुंद कर, मावशी. जागा कशी ऐसपैस दिसली पाहिजे."

मावशी म्हटलं की काहीतरी हवंय, हे ती ओळखून होती. तोंची अर्ध्या चड्डीत असल्यापासून ती त्याच्या वडिलांच्या या आर्किटेक्ट ऑफिसात होती. इमारती दुसऱ्यांनी काढायच्या आणि त्या कुठून बघायच्या ते नेवेंकाने ठरवायचं, असं सव्वीस वर्षं चाललं होतं.

"बाकावर बसलेल्याला यातलं काय दिसणार?" तिने विचारलं.

"बाकावर बसणारे सभेला येत नाहीत."

"माझी आई बसते तिथे. रोज."

"मग तिला उभी राहायला सांग," तोंची हसला.

नेवेंका हसली नाही. असली चित्रं तिने खूप काढली होती. टेकडीवरच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर दाखवताना तिने कॅमेरा चक्क भिंतीच्या बाहेर ठेवला होता, जिथे माणूस उभाच राहू शकत नाही. खोली दुप्पट दिसली. ते चित्र बघून फ्लॅट घेतला कुणी, तर तिच्याच धाकट्या बहिणीने! तिथे टेबल मावेना. फिलोमेना आजही वॉशिंग मशीनवर ताट ठेवून जेवते आणि ताईला एका शब्दाने बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"तोंची, जिथून मी स्वतः बघितलंय तिथूनचंच चित्र मी पाठवणार," ती म्हणाली.

"पाठव, पाठव. चारच्या आत छापखान्यात गेलं पाहिजे." मावशीची कुरकुर त्याला सवयीची होती. तो किल्ल्या उचलून निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीत ती टेप घेऊन धक्क्यावर गेली. आई, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांची लूत्से, नेहमीच्या बाकावर होती. शेजारी तिचे रोजचे सोबती यूरेकाका अंजीर सोलत होते. नेवेंकाने बाकावर बसून एकदा पाण्याकडे बघितलं, मग उठून जमिनीपासून आईच्या डोळ्यांपर्यंत टेप धरला.

"शवपेटीचं माप घेतेस काय गं?" यूरेकाकांनी विचारलं.

"गप बसा हो. आई, हलू नकोस."

एकशे आठ. भिंत होणार होती एकशे वीस. तिने दोघांना सगळं सांगितलं. यूरेकाकांनी अंजीर खाली ठेवलं.

ऑफिसात परतून तिने कॅमेरा बाकावर आणून बसवला. लेन्स डोळ्याला दिसेल तेवढीच ठेवली. पाण्याचा थेंब नाही. चौकटभर करडी भिंत, वर आकाशाची पट्टी आणि एका शिडाच्या काठीचं टोक. आयुष्यातलं सगळ्यात कुरूप चित्र तिने जीव ओतून केलं. भिंतीवरची सावलीसुद्धा दोनदा दुरुस्त केली. चारला दहा मिनिटं असताना ते पाठवून दिलं.

सकाळी सभागृहात चित्रावरचं कापड काढलं तेव्हा महापौर गोंधळले.

"हे काय? चूक झाली वाटतं?"

तोंचीचा चेहरा उतरला. "नेवेंका!" तो ओरडला. आता तोंडात 'मावशी' नव्हतं.

ती उठली. "चूक नाही. लूत्सेबाईंना बाकावरून हे दिसणार आहे. डोळ्यांची उंची एकशे आठ, मी स्वतः मोजलीय. चित्र खोटं वाटत असेल तर टेप पर्समध्ये आहे."

"अहो, पण लाटा आत येतात त्याचं काय?" महापौर म्हणाले.

मागच्या रांगेतून काठ्यांचे आवाज आले. बाकावर बसणारे सगळे आले होते. यूरेकाका उभे राहिले. "ऐंशी वर्षं येतायत. पाणी आलं की आम्ही पाय वर घेतो."

सभागृह खदखदून हसलं. भिंतीचा नकाशा बदलायला परत पाठवायचं ठरलं.

तोंचीने दारातच तिची ऑफिसची किल्ली मागितली. दोन वर्षांवर निवृत्ती होती. तिने किल्ली जुडग्यातून काढून त्याच्या हातावर ठेवली. "बाकावरही बसून बघत जा अधूनमधून," ती म्हणाली.

दुपारी ती धक्क्यावर गेली आणि आईसमोर उभी राहिली.

"आज लवकर सुटलीस?" लूत्सेने विचारलं.

"हो. सुटले."

"मग अशी मधे काय उभी? सरक जरा. मला समुद्र दिसत नाहीये."

नेवेंका बाजूला सरकली.