हिना की अंबर

मित्रांनो, मी अत्तराची एक जुनी कुपी. अंगठ्याएवढी, निळ्या काचेची, डोक्याला काचेचंच बूच. मलकापूरच्या एका दुकानात माझ्यात हिना भरला गेला आणि पिंपळगाव राजाच्या शेषरावांनी मला घरी नेलं.

दिवाळी सरून गारठा पडू लागला की ते मला बाहेर काढत. कापसाचा इवलासा फाया हिनात बुडवून कानात खोचत. पारावरची माणसं न बघताच म्हणत, "शेषराव आले वाटते." तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. त्यांच्या पत्नी सिंधूताई मला पुसून जागेवर ठेवत. स्वतः मात्र कधी थेंबही लावत नसत.

मग शेषराव गेले. उरलेला हिना आटला. मी कपाटात साड्यांमागे पडून राहिले. सिंधूताई अधूनमधून बूच काढून हुंगत, डोळे पुसत आणि मला पुन्हा मागे सारत.

यंदाच्या थंडीत त्यांच्या सुनेला, पुष्पांजलीला, मी सापडले.

"आत्याबाई, मलकापूरले जाऊन भरून आणू हे. तुमच्यासाठी."

"मले कायले व आता? लोकं हासतीन."

"हासू द्या," सून म्हणाली आणि तिनं त्यांची शाल काढून हातात दिली.

दुकानदारानं सिंधूताईंच्या एका मनगटावर हिना लावला, दुसऱ्यावर अंबर. दोन्ही उबदार, दोन्ही गोड. हिना मसाल्यासारखा गडद, तर अंबर गुळाच्या पाकासारखा मऊ. त्या कितीतरी वेळ एक मनगट नाकाशी नेत, मग दुसरं. हिना हुंगला की डोळे भरत. अंबर हुंगला की चेहरा सैल होई.

"हिनाच घ्या," पुष्पांजली हळूच म्हणाली. "मामाजीचा."

"त्याइचाच व्हता तो. मले हा दुसरा आवडून राह्यला."

दुकानदार म्हणाला, "मावशी, अंबर भरायचा तर कुपी धुवा लागन. जुना वास जाईन. नवी कुपी देऊ का?"

सिंधूताईंनी मला मुठीत धरलं.

"नको. हे रिकामी घरी राह्यली तर मी हुंगून हुंगून रडतच बसन. धुवा."

मला धुतलं, मित्रांनो. इतक्या वर्षांचा हिना निघून गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मग कोमट काचेत अंबर उतरला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या महामायाबाई दारातच थबकल्या. "सिंधूताई, कोनाचं अत्तर हाय व हे?"

"माहं," सिंधूताई म्हणाल्या आणि महामायाबाईंच्याही मनगटाला अत्तराचं बोट लावलं.

मित्रांनो, आम्हा कुप्यांना उन्हात ठेवू नका, बूच घट्ट लावा. आणि तुमच्या आईला, आजीला काय आवडतं ते एकदा विचारा. जरा लवकर विचारा.