फोटोत प्राण नसतो

रविवारी सकाळी दहाच्या आत त्या बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. भिंतीला टेकून उभे राहिलेले वेगळेच. मागच्या रांगेतल्या एका बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही पुढे बसा हो, आज तुमच्यासारख्यांचाच दिवस आहे." मी अकराव्या वर्षापासून आंधळी आहे. माझा दिवस असा तिकीट न काढता उगवेल, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मला ओढून आणलं होतं ताईने, माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीने. तिच्या पलीकडे तिची सतरा वर्षांची मुलगी बसली होती. पोरीला काचबिंदू आहे, मला होता तोच. माझ्या वेळी तो कुणाच्या लक्षातच आला नाही. तिचा डावा डोळा गेला होता, पण उजवा औषधाच्या थेंबांवर टिकून होता.

व्यासपीठावर दृष्टीबाबा बोलत होते. आवाज मधाळ, माइक महागातला. "डॉक्टर डोळा बघतो, आम्ही दृष्टी बघतो. हा तरुण जन्मांध होता. आम्ही केलं काय? कपाळाला फक्त अंगठा लावला." मग त्या तरुणाला संगणकासमोर बसवलं. ताई माझ्या कानाशी लागून सगळं सांगत होती. त्याच्या डोळ्यांवर जाड काळी पट्टी, पार कानांवरून बांधलेली. लोकांनी आणलेली पत्रं संगणकात घातलेली, आणि तेच पान सिनेमाच्या पडद्यावर मोठं करून दाखवलेलं, म्हणजे ज्याला ताडून बघायचं त्याने बघावं.

तरुण वाचू लागला. कुणाचा नोकरीचा अर्ज, कुणाचा भाडेकरार, कुणी लेकीला लिहिलेलं पत्र, सगळं घडाघडा. ताई मुसमुसत होती.

मी मात्र वेगळंच ऐकत होते. प्रत्येक ओळीआधी एक बारीक टक. शिवाय तो वाक्य संपल्यावर थांबत नव्हता, ओळ संपल्यावर थांबत होता, मग वाक्य अर्ध्यावर लोंबकळेना का. डोळ्यांनी वाचणारी माणसं अशी वाचत नाहीत. आम्ही वाचतो. बावीस वर्षं मी एका प्रशिक्षण केंद्रात अंध मुलामुलींना संगणक शिकवते. त्यावर स्क्रीन रीडर नावाची सोय असते, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी. खालच्या बाणाची कळ दाबली की एक ओळ कानात येते. ती ऐकत ऐकतच तोंडाने म्हणायची. वर्षभर सराव केला की जमतं.

तेवढ्यात बाबांनी पुढच्या रविवारसाठी नियम सांगितला. "मजकूर टंकलेला पाहिजे, फाइल पाहिजे. कागदाचा फोटो काढून आणू नका. फोटोत प्राण नसतो."

ते वाक्य माझं होतं. टंकलेली फाइल आणि कागदाचा फोटो डोळस माणसाला सारखेच दिसतात. स्क्रीन रीडरला मात्र फोटोत अक्षरं सापडतच नाहीत, ते त्याच्या लेखी नुसतं चित्र, आणि तो गप्प बसतो. तरी कचेऱ्या आम्हाला फोटोच पाठवतात. म्हणून मी वैतागून पहिल्याच तासाला सांगते, पोरांनो, फोटोत प्राण नसतो. आणि मग तो वाचणारा आवाजही मी ओळखला. वर्गात आम्ही त्याला सुसाट म्हणायचो, कारण यंत्राला तो इतक्या वेगाने बोलायला लावायचा की बाकीच्यांना नुसती गुणगुण ऐकू यायची. माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. फोटोतली अक्षरं ओळखणारी वेगळी सोय कशी वापरायची, हा धडा येण्याआधीच तो वर्ग सोडून गेला होता.

घरी जाताना मी ताईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "थेंब बंद केलेत मी तिचे. दोन महिने झाले. बाबा म्हणाले, औषध आणि कृपा एका डोळ्यात नांदत नाहीत."

मी रस्त्यातच थांबले. ताई, आजच्या आज सुरू कर, म्हटलं. तो पोरगा अजून आंधळाच आहे, त्याला मी शिकवलंय.

"तुला मिळालं नाही म्हणून तिलाही मिळू नये, असं वाटतं का तुला?" ताई म्हणाली.

डॉक्टरांना फोन करायला लावला, तर ताईने त्यांचाही फोन ठेवून दिला. भाचीला विचारलं, तूच का घालत नाहीस, तर ती म्हणाली, "मावशी, थेंबांची बाटली बघितली तरी आई रडते." तेव्हा मी ठरवलं, हे ताईला सगळ्यांसमोरच दाखवायचं.

केंद्रातल्या कारकुनाने मला दोन पानांची फाइल करून दिली. पहिलं पान साधं टंकलेलं पत्र. दुसरं पान त्याने टंकलं, छापलं, त्याचा नीट फोटो काढला आणि तो फोटो पानभर चिकटवला. दिसायला दोन्ही जुळी भावंडं. पुढच्या रविवारी दारातल्या सेवकाने फाइल उघडून बघितली, टंकलेलीच आहे म्हणाला आणि आत घेतली.

सुसाटने पहिलं पान झरझर वाचलं. दुसऱ्या पानावर टक वाजला. मग पुन्हा टक. मग टकटकटक. आवाज काही फुटेना.

"कृपेला क्षणभर विसावा लागतो," बाबा म्हणाले.

मी उठून विचारलं, "पडद्यावर अक्षरं दिसतायत ना सगळ्यांना?" चहूकडून "दिसतायत" आलं. "मग यालाच कशी दिसेनात? पहिलं पान दिसलं, दुसरं का दिसत नाही?" आणि भाचीला म्हटलं, तू वाच.

ती उभी राहिली. "डो... डोळ्यांचे..." तिचा आवाज इकडून तिकडे फिरत होता, म्हणजे ती मान वळवत होती, आणि तिने धरलेली पुढची खुर्ची करकरत होती. "थेंब... रोज... वे... वेळेवर घाला." अक्षरं हातभर मोठी होती, आणि नेमकी म्हणूनच तिच्या उरलेल्या फटीएवढ्या नजरेत मावत नव्हती. ती एकेक तुकडा शोधत होती. "गेलेली... नजर... परत... येत नाही."

दोन महिन्यांपूर्वी हीच पोर मला अख्खं वर्तमानपत्र एका दमात वाचून दाखवायची. ती वाक्यं मी ताईसाठी लिहिली होती. लेकीच्या तोंडून ती कशी ऐकू येतील, याचा विचारच केला नव्हता. ताईने माझं मनगट धरलं.

पुढचं फार नाही. मी युक्ती उलगडून सांगितली, कुणीतरी पट्टी ओढली, कानातला इयरफोन खाली लोंबला. बाबा मागच्या दाराने पसार झाले. लोक सुसाटच्या अंगावर धावले, तेव्हा मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. तो मागून हळूच म्हणाला, "बाई, चौदा ठिकाणी मुलाखती दिल्या. असंच वाचून दाखवलं. म्हणाले, हे तर यंत्र वाचतंय, तू काय करतोस. इथे तेच वाचलं की माणसं हात जोडतात."

मी त्याला म्हटलं, तुझ्यामुळे एका पोरीचे थेंब बंद झाले. त्यावर तो रडू लागला. मला त्याचा राग आला होता आणि त्याची कीवही येत होती, दोन्ही अजून तशीच आहेत.

थेंब त्याच दुपारी सुरू झाले. पंधरा दिवसांनी भाची माझ्या वर्गात येऊ लागली. पहिल्याच आठवड्यात रुग्णालयातून तपासणीचा अहवाल संगणकावर आला. तिने फाइल उघडली, कळ दाबली, पुन्हा दाबली.

"मावशी, हा बोलतच नाही."

फोटो होता. मी ती वेगळी सोय सुरू करणार, एवढ्यात दाराशी बसलेली ताई उठली. मी वाचते, म्हणाली. सगळा अहवाल तिने वाचला. उपचार मध्ये थांबल्यामुळे उरलेल्या नजरेपैकी निम्मी कायमची गेली, या ओळीवर ती थांबली. मग ती ओळ तिने पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण वाचली. भाचीने तिचा हात शोधला आणि धरून ठेवला.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. चमत्कार दाखवणारा नियम घालू लागला, की तो नियम कुणाच्या सोयीचा आहे ते विचारा. त्याला चालणाऱ्या पानावर समाधान मानू नका, तुमचं दुसरं पान त्याच्यासमोर ठेवा. आणि कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर तिथून उठा, ते औषध घ्या, वाद नंतर घाला. मी वाद आधी घातला. सगळ्यांसमोर जिंकायचं म्हणून पुढच्या रविवारची वाट बघितली, आणि ते सात दिवस त्या पोरीच्या डोळ्यात थेंब पडला नाही.