धाकटीच्या गोळ्या

पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखावेत ते मृणालीनेच. तिच्यासारखी बुबुळं दुसऱ्या कुणाला जमत नसत. पण विशी उलटली नि तोच हात थरथरायला लागला, पाय वेडेवाकडे पडायला लागले, जीभ जड झाली. बाजारातून जाताना टपरीवरचे हसत, "सकाळीच घेतलीय वाटतं!" कुणी अशक्तपणा म्हणे, कुणी बाहेरची बाधा. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी नेमकं धरलं. आईबाप एकमेकांची आते-मामे भावंडं. दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक मृणालीच्या वाट्याला आलं होतं. त्यामुळे ई जीवनसत्त्व अंगात टिकतच नव्हतं, आणि शरीराचा तोल सांभाळणारा लहान मेंदू झिजत चालला होता.

"फार क्वचित होतं हे," बाई म्हणाल्या. "पण औषध आहे. त्याच जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या, जन्मभर. आजार इथेच थांबेल. गेलेलं मात्र फारसं परत येणार नाही."

मग धाकट्या बहिणीचं, मैनेचं रक्त तपासलं. दोष तिच्यातही निघाला, पण ती तर अजून खाडीच्या बांधावरून धावत जायची.

"हिनं आत्तापासून गोळ्या घेतल्या तर हिला काही होणार नाही," बाई हसल्या. "ताईमुळे वेळेत कळलं."

मृणालीच्या काळजात तो काटा रुतला तो रुतलाच. घर एक, रोग एक. एकीनं फरफटायचं नि दुसरीनं धावायचं! कारखान्यातली तिची जागा मैनेला मिळाली. रोह्याजवळच्या वरसे गावातलं स्थळ आलं, तेही मैनेला. लग्नात मृणालीला एका खुर्चीत बसवून ठेवलं, कुठे धडपडू नये म्हणून.

पुढे ती मैनेच्या सासरी गेली. फणी शोधायला कपाट उघडलं, तर साड्यांखाली गोळ्यांची पाकिटं, न फोडलेली.

"मैने, गोळ्या घेत नायस?"

"हळू बोल गो ताई! सासूबाईंना कळलं तर? आणि मला काय झालंय? धडधाकट हाय मी."

'घे त्या गोळ्या' असं मृणालीच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. जेवली आणि पेणच्या एसटीत बसली. वाटभर तिला मैनेचे पाय दिसत होते, वेडेवाकडे पडणारे. आणि तिला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी इतकं बरं वाटत होतं. मग मैनेला बघून टपरीवरचे हसताना दिसले, आणि त्यांच्या तोंडावर चप्पल फेकावी असं तिला झालं. वडखळ आलं तशी कंडक्टरचा हात धरून ती खाली उतरली नि रोह्याची उलटी गाडी धरली.

दार मैनेच्या सासूनं, इंदुबाईनं उघडलं. मृणालीनं ओटीवरच, अडखळत, सगळं सांगून टाकलं.

मैना रडत ओरडली, "तुला माझं बरं बघवत नाय!"

"व्हय, नाय बघवत. रोज जळते मी तुझ्यावर. म्हणून तर आले. गोळ्या घे, आणि मला जळू दे आयुष्यभर."

 इंदुबाईनं विचारलं, "हिच्या पोरांना व्हईल का?"

"तुमचा पोरगा ऋत्विक आमच्या नात्यातला नाय. त्याचं रक्त तपासून घ्या, पण बहुतेक नाय व्हायचं."

इंदुबाई आत गेली नि भाताचं ताट घेऊन आली. "जेवणाबरोबर घ्यायची ना गोळी? बस गो मैने."

मैना अजून बहिणीशी तुटक बोलते. गोळी मात्र घेते. सासू समोर उभी असते. मृणालीचा आजार जागच्या जागी थांबलाय, जीभ थोडी मोकळी झालीय. परवा मैना रोहा स्टेशनचा जिना धावत चढली. मृणाली खाली कठडा धरून बघत राहिली, आणि पोटात तोच जाळ उठला.

"हळू चढ गो, पडशील," ती ओरडली.

मैनेनं मागे वळूनही पाहिलं नाही.