फोन आपोआप बंद पडला

नाना बोआडू बायकोचा फोन खिशात लपवून केजेतियाच्या बाजारात आले. फोन चार्जिंगला लावलाय, असं सांगून त्यांनी कालपासून वेळ मारून नेली होती. आता बायको पोकुआ चर्चच्या बैठकीहून परतायच्या आत तो चालू झाला नाही, तर नानांची धडगत नव्हती.

"आपोआप बंद पडला," त्यांनी फोन दुरुस्त करणाऱ्या अफ्रियीला सांगितलं. "चार्जही होत नाही."

अफ्रियीने स्वतःचा चार्जर लावून पाहिला, मग वायर बदलली. फोन ढिम्म. तिने भिंग डोळ्याला लावलं आणि चार्जिंगच्या भोकात सुई घातली. टोकावर फुगलेला पांढरा कण आला.

"नाना, ही गारी आहे."

"असेल. कसाव्याचा रवा कुणाच्या घरात सांडत नाही?"

"ही भिजून फुगलीय. म्हणजे फोन भिजला आणि तुम्ही तो गारीत पुरलात. अहो, लोक तांदळात ठेवतात!"

"तांदूळ संपले होते," नाना बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"कशात भिजला?"

"पाण्यात."

"पाण्याला शेंगदाण्याचा वास येतो होय? हे बघा, पाणी असेल तर नुसतं वाळवते. रस्सा असेल तर मीठ आतलं सगळं खातंय, स्पिरिटने धुवावं लागेल. खरं सांगा, नाहीतर फोन गेला."

डॉक्टरांनी नानांचं मटण बंद केलं होतं, आणि चार महिन्यांत तुकड्याला शिवलो नाही असं ते चर्चभर छाती फुगवून सांगत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"स्वयंपाकघरात अंधार होता गं. टॉर्च लावून पातेल्यात बोकडाचा एकच तुकडा शोधत होतो. हातातून निसटला."

"तुकडा?"

"फोन! तुकडा मिळाला."

अफ्रियी हसता हसता स्टुलावरून पडायची बाकी राहिली. तिने आतलं सगळं धुतलं, वाळवलं, पुन्हा वायर लावली. पडदा उजळला तसे नाना लहान पोरासारखे खूश झाले.

"झाला का सुरू?" मागे पोकुआ उभी होती.

"अगं, भोकात धूळ गेली होती!" नाना घाईघाईने म्हणाले.

पोकुआने पिशवीतून स्वच्छ धुतलेलं निळं रबरी कव्हर काढलं आणि फोनला चढवलं.

"हे काल रश्श्याच्या तळाशी सापडलं. तुमच्याच ताटात वाढणार होते. पण म्हटलं, पातेल्यातलं तुम्हाला काही चालत नाही ना!"