स्टुडबेकर आणि पायदळ

"त्या दोघांचं भांडण मध्येच तोडू नकोस, पोरी," असं सासूबाई वारल्या त्याच्या आदल्या उन्हाळ्यात म्हणाल्या होत्या. ओयदिनने नुसतं "हो, हो" केलं होतं. आज नऊ मे, महायुद्ध जिंकल्याचा विजयदिन. मुलीला कडेवर सावरत ती चहाची किटली उचलत होती, आणि डोक्यात डॉक्टरांचं बोलणं घोळत होतं: यांना संतापू देऊ नका. हिवाळ्यात सासऱ्यांच्या, म्हणजे सगळे आदरानं 'ओता', बाबा, म्हणत त्या एर्गाश-ओतांच्या, तोंडाची डावी बाजू लुळी पडली होती. जेमतेम सावरले होते.

अंगणात जर्दाळूखालच्या लाकडी बैठकीवर महायुद्ध पुन्हा पेटलं होतं.

"बर्लिनला काय चालत गेलास तू?" एर्गाश-ओता ओरडत होते. "अमेरिकेच्या स्टुडबेकर ट्रकनं नेलं तुला! मी चालवत होतो तो ट्रक!"

"चालवत होतास, पण मागे! पुढे कोण होतं? पायदळ!" शेजारच्या सैदमुरोद-ओतांनी आपल्या आखडलेल्या गुडघ्यावर थाप मारली. "हा गुडघा काय ट्रकमध्ये बसून गेला? अमेरिकेनं मांसाचे डबे धाडले. डबे काय गोळ्या झाडतात?"

"ते डबे खाऊनच झाडल्यास ना, हावरटा!"

"आणि इंग्रजांची जहाजं? बर्फाच्या समुद्रात बुडाली बिचारी, तुझे ते ट्रक आणता आणता!"

दरवर्षी हेच. तेच ट्रक, तेच डबे, तीच जहाजं. जिंकून पन्नास वर्षं होत आली, तरी श्रेयाची वाटणी काही संपत नव्हती. सासऱ्यांच्या कपाळावरची शीर टरारली. कडेवरची मुलगी दचकून रडू लागली, आणि ओयदिनचा धीर सुटला.

पाहुण्याला चहा अर्धाच ओतायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो; काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, आता उठा. तिने सैदमुरोद-ओतांचा प्याला काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

ते वाक्याच्या मध्येच थांबले. प्याल्याकडे पाहिलं. मग टोपी नीट करून, गुडघ्यावर हात टेकत उठले.

"सुखी राहा, पोरी," म्हणाले आणि निघून गेले. चहाला हातसुद्धा लावला नाही.

एर्गाश-ओतांनीही तो प्याला पाहिला होता.

घर शांत झालं. रक्तदाब उतरला; नर्सने तर ओयदिनचं कौतुकच केलं. पण दिवस उलटत गेले तसा ओतांच्या ताटात पुलाव उरू लागला. रेडिओ बंदच. नात मांडीवर चढली तरी हात तिच्या पाठीवर नुसता पडून राहायचा.

एका संध्याकाळी ओयदिन नान आणून ठेवत होती, तेव्हा ते म्हणाले,

"सैदमुरोदचंच बरोबर आहे. पायदळानंच जिंकलं."

"काय म्हणालात, ओता?"

"ट्रक काय, नुसतं लोखंड." आणि ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

ओयदिनने मुलीला उचललं, पायांत सापडतील त्या चपला सरकवल्या आणि शेजारचं निळं फाटक वाजवलं. बराच वेळ कुणी आलं नाही. मग कडी निघाली.

"माझं चुकलं, ओता. त्या दिवशी..."

"असू दे, असू दे. चहा चांगला गरम होता." सैदमुरोद-ओतांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "तो कसा आहे?"

"म्हणतात, युद्ध पायदळानं जिंकलं."

म्हाताऱ्याचा हात कडीवरच राहिला.

"ओरडून म्हणाला?"

"नाही. हळूच."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत? डॉक्टरला बोलावलं की नाही?"

"डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे." "तुम्हीच जरा येऊन बघा ना त्यांच्याकडे."

ते आत वळून भिंतीला टेकत बूट शोधू लागले. एक सापडला, दुसरा सापडेना.

"गाढव आहे गाढव," ते पुटपुटत होते. "आता या वयात ट्रकांची बाजू मी घ्यायची."